कोरडा दात

"गोड किती खाता, बाबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अजिबात न्हाई," आबा म्हणाले. डावा गाल सुजून डोळ्याला भिडला होता, त्यामुळे निम्मे शब्द तोंडातच राहत होते. "च्यात बी साखर घेत न्हाई मी. इचारा हिला."

मी मान हलवली. खरंच होतं ते. आबांचा चहा बिनसाखरेचा. पुरणपोळी, शिरा, बुंदी, कशालाही ते बोट लावायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणारा आला की पानावर आडवा हात. गुळात जन्म गेलेल्या माणसाला गोडाचा वीट येतो म्हणायचे, आणि गावातली माणसंही ते कौतुकाने एकमेकांना सांगायची.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढून त्यांच्या तोंडात पाहिलं आणि बोटाने गाल बाजूला ओढला. मग म्हणाल्या, "मग हे असं कशानं झालं?"

"वय झालं की आता. साठीला आलोय."

"वयानं दात असे जात नाहीत. सगळे मुळापर्यंत किडलेत. मागच्या दाढांची तर नुसती टरफलं राहिलीत. काम काय करता तुम्ही?"

एवढा वेळ कण्हत पडलेले आबा खुर्चीत ताठ झाले. "गुळव्या हाय मी. रंगराव चौगुल्यांच्या गुऱ्हाळावर. अडतीस वर्सं झाली."

बाई कोल्हापूर शहरातल्या. गुळव्या म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं. आबांनी सुजलेल्या तोंडाने सगळं सांगितलं. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटत असतो. तो आटत आटत एका घडीला गूळ व्हायच्या लायकीचा होतो, आणि ती घडी कोणती ते गुळव्याने सांगायचं. काहील जरा आधी उतरवली तर गूळ पाघळतो, जरा उशीर झाला तर करपतो. गुळव्याने 'उचला' म्हटल्याशिवाय काहिलीला कुणी हात लावत नाही, मालकसुद्धा नाही.

"आणि ती घडी तुम्हाला कळते कशी?"

"दातानं," आबा म्हणाले.

दुसरे गुळवे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात, त्याची गोळी करून बोटांत दाबतात, काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकतात. आबा आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील ती गोळी मागच्या दाढांमध्ये धरायचे. दाबायची आणि सोडायची. चिकटून राहिली तर अजून वेळ आहे, टकदिशी सुटली तर झालं. बोट फसतं, कान फसतो, दात फसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"दिवसातून किती वेळा हे करता?"

"चार-पाच आदणं निघत्यात दिवसाला. म्हंजे चार-पाच डाव काहील भरायची आन उतरायची. एका आदणाला सात-आठ गोळ्या धरा."

"आणि प्रत्येक गोळीनंतर चूळ भरता का?"

दुखत असूनही आबांना हसू आलं. "चूळ भरून कसं चालंल, बाई? दात कोरडा पायजे. ओल्या दाताला काय कळत न्हाई."

बाईंनी हातातला छोटा आरसा ताटलीत ठेवला. "म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमच्या दातांवर गूळ. आणि वर म्हणता गोड खात नाही."

"ते खाणं न्हवं," आबा म्हणाले. "ते काम हाय."

बाई माझ्याकडे वळल्या. ताटभर गोड एकदाच खाल्लं तर दात ते सोसतो, त्या म्हणाल्या. पण थोडं थोडं, चिकट, दिवसभर चालू असेल तर तोंडात सारखं आम्ल तयार होत राहतं आणि ते दात पोखरतं. दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. तुमच्या वडिलांच्या दातांना अडतीस वर्षं उसंत मिळालेली नाही.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पू हाडात उतरला होता. दात ठेवले असते तर माणूस गेला असता.

"उजवीकडची एक दाढ तरी ठेवा," आबा म्हणाले. "एक बास हाय मला."

बाईंनी ती दाढ दोन बोटांत धरून हलवून दाखवली. ती हिरडीत नुसती टेकून उभी होती.

गणपती बोळवले त्या आठवड्यातली ही गोष्ट. दोन खेपांत आबांचे सगळे दात काढले. काढा म्हणून सांगणारी मीच. परतताना एसटीत ते तोंडावर टॉवेल धरून खिडकीबाहेर बघत होते. भोगावतीच्या काठाने दोन्हीकडे ऊस उभा होता. 

मी शालन. केरबा गुळव्याची एकुलती एक लेक. तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. सहा वर्षं सासरी काढून माहेरी परत आले होते. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी आणली, आणि एका घरात दोघींचा संसार मला झेपेना. आई आधीच गेलेली. मी चौगुल्यांच्याच गुऱ्हाळावर चिपाडं वाळत घालायचे, म्हणजे रस काढून झालेल्या उसाचा चोथा, जाळण्यासाठी. त्या कामात हुशारी लागत नाही. ऊन पडलं की चिपाड वाळतं, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

हिरड्या नीट भरायच्या आत आबांनी घाई करून कवळी बसवून घेतली. दिवाळी झाली, काहिलीखालचं चुलवाण पेटलं, आणि पहिल्या आदणाला ते कवळी घालून काहिलीशी उभे राहिले. नजर मंदावली म्हणून गार पाण्याचं तपेलं धरायला मला शेजारी उभं केलं होतं. पाकाची गोळी त्यांनी दाढेखाली धरली, दाबली, तोंड उघडायला गेले आणि वरची कवळी हिरडी सोडून गोळीबरोबर खाली आली.

बाकीची माणसं पाठमोरी होती. पाहिलं ते मी आणि गुंडूमामांनी. गुंडूमामा म्हणजे आमचा जळव्या, चुलवाणात चिपाडं कोंबून जाळ राखणारा. आबांचा जुना सोबती, मला मामाच्या जागी. आबांनी ती गुळाने बरबटलेली कवळी तशीच बंडीच्या खिशात टाकली. काहील रटरटत होती आणि गुळव्याला काही कळत नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"आबा, मी चावून बघतो," मी हळूच म्हटलं. आमच्याकडे बायका असंच बोलतात.

ते जरा बाजूला सरले. मी पुढची गोळी माझ्या दाढेखाली धरली. ऊन होती, चिकट होती. दाबली, सोडली. दाढ सुटेना. मी मान हलवली. आणखी एक गोळी. आणखी एक. पाचव्या गोळीला दाढ सुटली. तो आवाज कानाला ऐकू येत नाही, जबड्याला कळतो. मी हातातलं तपेलं खाली ठेवलं.

आबांनी तपेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "उचला!"

गूळ निघाला तो हळदीच्या रंगाचा, कोरडा, कणीदार. रंगराव चौगुल्यांनी ढेप ठोकून पाहिली आणि म्हणाले, "केरबा, कवळी लाभली की रं तुला!"

त्या दिवसापासून हा आमचा रिवाज झाला. आबा उभे राहायचे, गोळ्या माझ्या तोंडात जायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी ताजा गूळ चाखतेय. तपेलं माझ्या हातात असेपर्यंत आबा गप्प. खाली ठेवलं की 'उचला'. गुंडूमामा सोडून कुणालाही पत्ता नव्हता. चारचौघांत बोलताना आबा कवळी घालायचे, काहिलीशी आले की हळूच काढायचे आणि एखादी गोळी नुसती दाखवायला तोंडात धरायचे.

मी खूश होते. आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी माझा हात धरणारं कुणी नव्हतं. महिन्याभरात मला गोळी तोंडात धरायच्या आधीच अंदाज यायला लागला. उसाची जात, खोडवा आहे की लावण, म्हणजे जुन्या बुडख्यातून फुटलेला की नव्याने लावलेला, रस किती वेळ उभा राहिला, सगळं त्या एका दाबण्यात कळायचं. आबांनी शिकवलेला नियम मी आबांपेक्षा कडक पाळला. दात कोरडा पाहिजे. एका आदणापासून दुसऱ्यापर्यंत मी पाण्याचा घोट घ्यायचे नाही, चूळ तर लांबच. डॉक्टरीणबाई जे बोलल्या होत्या ते मी शेजारी उभी राहून, दोन्ही कानांनी ऐकलं होतं. पण त्याचा माझ्याशी संबंध आहे असं चुकूनही मनात आलं नाही. मी काही गोड खात नव्हते. काम करत होते.

माघात एकदा गुंडूमामा जाळाशी बसून तंबाखू मळत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "शालन, शिमग्याचं शेवटचं आदण उतरलं की मी मालकास्नी सांगणार हाय. ह्या सालचा गूळ कुणाच्या दातानं झालाय ते. फुडल्या साली काहील तुझी."

"बाई गुळव्या? मालक ऐकतील?"

"मालकाला गूळ पायजे. लुगड्याचं आन धोतराचं त्याला काय?"

"आन आबा?"

"त्येला इचारलंय मी. बघू म्हणाला."

त्या 'बघू'वर मी दिवस काढत होते. आमच्या भागात बाई गुळव्या झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. चिपाडं वाळत घालताना मनातल्या मनात मीच 'उचला' म्हणून बघायचे. बरोबरच्या बायका विचारायच्या, काय पुटपुटतीस गं? मी सांगायचे, देवाचं नाव घेतेय.

शिमग्याला पंधरा-वीस दिवस राहिले असतील. सकाळी अंगणात मी घागरीतलं पाणी प्याले आणि उजव्या दाढेत कळ गेली ती कानापर्यंत. मी गाल धरला. आबा उन्हाला बसले होते.

"हिकडं ये," ते म्हणाले. "आ कर."

"काय न्हाई झालं, आबा."

"आ कर म्हणतोय न्हवं?"

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. त्या डॉक्टरीणबाईंसारखाच गाल बोटाने बाजूला ओढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दाढेला खड्डा पडला होता हे मला माहीत होतं. त्यात गूळ अडकायचा आणि मी तो बाभळीच्या काट्याने कोरून काढायचे.

"दुखतंय?"

"न्हाई," मी खोटं बोलले.

दोन दिवसांनी अमावास्या होती. अमावास्येला गुऱ्हाळ बंद असतं. आबा धुतलेलं धोतर नेसून निघाले. "कवळी सैल झालीया. कोल्हापूरला जाऊन येतो."

"घालता कुठं तुमी ती? खिशातच तर असतीया. खिशाला सैल झाली व्हय?"

एरवी अशा बोलण्यावर ते हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. संध्याकाळच्या गाडीने आले, हातपाय धुतले आणि भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. कवळीचं काय झालं ते मीही विचारलं नाही.

त्यानंतर आबा जरा वेगळेच वागायला लागले. मी गोळी करायला घेतली की म्हणायचे, थांब, एवढ्यात नको. एका आदणाला आठ गोळ्या लागायच्या तिथे तीनवर आणल्या. एकदा आदण उतरल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला.

"शालन, चूळ भर. हितनं फुडं आदण झालं की चूळ भरत जा."

मला हसायला आलं. "आता हो? ओल्या दाताला काय कळत न्हाई, तुमीच म्हणालासा की."

"भर म्हणतोय."

"आन फुडच्या आदणाला चुकलं तर? गुंडूमामा मालकास्नी काय सांगतील, कपाळ?" मी तांब्या घेतला आणि पाणी हातपाय धुवायला वापरलं. आबा बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तांब्या धरला, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी धरला नाही.

शेवटच्या आदणाला आमच्याकडे सगळं गाव लोटतं. चुलवाणाला नारळ फोडतात, काकवी न्यायला बायका किटल्या घेऊन येतात. रंगराव चौगुले फेटा बांधून आले होते. गुंडूमामांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आज सांगतो. मी नवं लुगडं नेसले होते. कुणासाठी नेसले ते कुणाला माहीत नव्हतं.

रस चांगला होता. फेस वर आला, बसला, पाक लाल होऊन पिवळ्यावर आला. पहिली गोळी चिकटली. दुसरी चिकटली. दुखरी दाढ टाळून मी डावीकडे चावत होते. तिसरी गोळी टकदिशी सुटली. त्या सालातली सगळ्यात स्वच्छ सुटलेली गोळी ती. मी तपेलं खाली ठेवलं. जरा आवाज करूनच ठेवलं.

आबांनी तपेल्याकडे पाहिलं.

"अजून," ते म्हणाले.

मला वाटलं, गर्दीत त्यांना दिसलं नाही. मी तपेलं उचलून परत ठेवलं.

"अजून."

"आबा, झालाय," मी दातांतल्या दातांत म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माणसं काहील उचलायला दांडा धरून उभी होती. पाकाचे बुडबुडे जड झाले, रंग तपकिरीकडे वळला. गुंडूमामांनी न सांगताच चुलवाणातला जाळ मागे ओढला.

"केरबा!"

"जाळ घाल," आबा म्हणाले.

"आरं केरबा, वास येतोय!"

"गुळव्या कोण हाय? जाळ घाल."

गुंडूमामांनी माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि चिपाडाची एक पेंढी आत ढकलली. करपल्याचा वास गुऱ्हाळभर झाला. बायकांनी पदर नाकाला लावले. दांडा धरलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली, पण गुळव्याचा शब्द पडेपर्यंत कुणी हललं नाही. रंगराव दोनदा पुढे आले आणि दोनदा थांबले. मग कधीतरी आबा म्हणाले, "उचला."

पाक गार करायच्या वाफ्यात ओतला तेव्हा तो तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा काळा होता.

"केरबा, काय केलंस ह्ये?" रंगराव म्हणाले.

आबांनी खिशातून कवळी काढली आणि काहिलीच्या काठावर ठेवली. "हिला काय कळत न्हाई, मालक. माझं दात गणपतीतच गेलं. सालभर अंदाजानं रेटलं, नशिबानं गूळ निघाला. आज हुकलं."

"मालक, तसं न्हाई ते," गुंडूमामा पुढे आले. "ह्यी पोरगी..."

"गुंडू, तू जाळ बघ," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी गुंडूमामा तिथेच थांबले.

रंगराव माझ्याकडे वळले. "शालन, तू सालभर ह्याच्या शेजारी हुबी हुतीस. तुला काय कळत हुतं का ह्यातलं?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. एका वाक्यात काहील माझी होणार होती. त्याच वाक्यात, अडतीस वर्षं गुळव्या म्हणवलेल्या माझ्या बापाने गावादेखत खोटं सांगितलं, हे ठरणार होतं. आबा खाली मान घालून उभे होते. कवळी नसल्याने गाल आत ओढले गेले होते आणि तोंड म्हाताऱ्या बाईसारखं दिसत होतं. मला राग आला होता. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझी जीभ वळली.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. "मी पाणी धरत हुतो."

पुढच्या साली दुसऱ्या गावचा गुळव्या आला. गोळी बोटांत दाबून बघणारा. मी परत चिपाडं वाळत घालायला लागले. गावातल्या पोरांनी आबांना 'करप्या' नाव ठेवलं आणि ते त्यांना चिकटलं. आबा नंतर कधी गुऱ्हाळाच्या रस्त्याला गेले नाहीत.

मी त्यांचं सगळं केलं. आंबील केली, भाकरी कुस्करली, पाणी तापवलं. पण बोलणं टाकलं. बापाला लेकीचं बघवलं नाही, असं मी मनाशी धरलं होतं. आपले दात गेले तर कुणाचेच चालू नयेत, अशी त्यांची बुद्धी झाली, असं मला वाटायचं. कधी ते ओसरीवरून विचारायचे, "दाढ कशी हाय?" मी म्हणायचे, "हाय तिथं हाय." एवढंच. तिसऱ्या वर्षी श्रावणात ते तापाने गेले. शेवटच्या दिवशीही मी त्यांच्याशी धड बोलले नाही. 

ते गेल्यावर महिन्याभरात दाढ ठणकायला लागली. मी कोल्हापूरला त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. केसांत थोडी चांदी आली होती, बाकी त्या तशाच होत्या. मी खुर्चीत बसले, नाव-गाव सांगितलं.

"म्हणजे गुळव्याबाबांची मुलगी तुम्ही? कसे आहेत ते?"

मी सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"माझ्याकडे आले होते एकदा, एकटेच. तुमच्यासाठी."

"कवळीसाठी आले असतील."

"कवळीचा विषयही काढला नाही त्यांनी. पोरीच्या दाढेला खड्डा पडलाय म्हणाले, बाकीच्यांवर पण काळे डाग दिसतात. माझ्यासारखंच होईल का, विचारत होते. मी म्हटलं, असंच चालू राहिलं तर होईल, चार-पाच वर्षांत होईल. काम सोडायची गरज नाही, पण प्रत्येक वेळी चूळ भरायला लावा तिला. तेवढ्यानंही बराच फरक पडेल." बाईंनी दिवा जवळ ओढला. "मला वाटलं, खूश होतील. तर म्हणाले, सांगून बघतो. पण ती भरायची न्हाई. माझीच लेक हाय ती. न्हाई ऐकली तर काहिलीपास्नंच तोडायला लागंल."

मी छताकडे बघत पडले होते. मला तो तांब्या दिसत होता. तीन दिवस त्यांनी तो धरला होता आणि तीन दिवस मी त्या पाण्याने पाय धुतले होते.

"मग सोडलं वाटतं तुम्ही ते काम?" बाई माझ्या तोंडात बघत म्हणाल्या. "चांगलं केलंत. ही एक दाढ गेली, ती काढावी लागेल. बाकीचे सगळे वाचलेत. वयाच्या मानानं फार चांगले दात आहेत तुमचे."

त्यांनी इंजेक्शन दिलं, थांबल्या आणि दाढ काढली. ती ताटलीत पडल्याचा बारीक आवाज झाला. मग त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

"चूळ भरा," त्या म्हणाल्या.

मी भरली.